गल्ल्यावरचे सुट्टे आणि पावती: प्रत्येक ग्राहकाच्या हातात पडावी म्हणून करायची व्यवस्था

ज्या काउंटरवर "सुट्टे नाहीत" आणि "पावती हवी का?" ही दोन वाक्यं दिवसभर ऐकू येतात, तिथे बहुतेक वेळा कॅशियरला चार शब्द सुनावले जातात, भिंतीवर एक सूचना चिकटते आणि आठवड्याभरात सगळं पूर्वपदावर येतं. दोष माणसाच्या स्वभावात शोधला जातो म्हणून असं होतं. बहुतेक ठिकाणी तो गल्ल्याच्या तयारीत, कामाच्या क्रमात आणि रात्रीच्या हिशेबाच्या पद्धतीत असतो. पुढचे टप्पे दुकानमालक, व्यवस्थापक आणि खुद्द कॅशियर यांच्यासाठी आहेत. क्रम बदलू नका. गल्ल्यात नाणीच नसताना कॅशियरला शिस्त शिकवण्यात काही अर्थ नाही.

### सुरू करण्याआधी: दोन नियम बदला

ज्या दुकानात गल्ल्यातली तूट कॅशियरच्या पगारातून कापतात आणि जादा निघालेल्या रकमेबद्दल मात्र कोणी विचारत नाही, तिथे कॅशियर लवकरच एक गोष्ट शिकतो: दिवसभर एक-दोनची नाणी मागे ठेवायची, म्हणजे संध्याकाळी चूक निघाली तरी ती भरून निघते. याला तो चोरी समजत नाही, स्वतःचा बचाव समजतो. पण पैसे ग्राहकाचे जातात, आणि अशी उशी असली की गल्ल्यातल्या खऱ्या चुका कधी दिसतच नाहीत.

म्हणून पहिला नियम: जादा रक्कम ही तुटीइतकीच गंभीर चूक. दोन्हींची नोंद, दोन्हींची चौकशी. दुसरा नियम: तूट आपोआप पगारातून कापायची नाही. अनेक देशांत अशी कपात करण्यावर कायद्याचं बंधनही असतं, तेव्हा स्थानिक नियम पाहून घ्या. वारंवार तूट येत असेल तर ती प्रशिक्षणाची किंवा शिस्तीची बाब आहे. तिचं उत्तर ग्राहकाच्या सुट्ट्यांतून निघू नये.

हे दोन नियम कॅशियरना तोंडी आणि लेखी सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुढचं सगळं यावर उभं आहे.

### टप्पा १: नाण्यांचं गणित

सकाळी गल्ल्यात किती सुट्टे ठेवायचे हे बहुतेक ठिकाणी अंदाजाने ठरतं, आणि अंदाज जवळजवळ नेहमी एकाच बाजूला चुकतो: एकची नाणी भरमसाट, दोनची मोजकीच.

जिथे नाणी १, २ आणि ५ अशी आहेत तिथला हिशेब सोपा आहे. परत द्यायच्या रकमेचा शेवटचा अंक ० ते ९ पैकी कोणताही असू शकतो. प्रत्येक अंक एकेकदा आला, तर अशा दहा ग्राहकांना मिळून एकची ४, दोनची ८ आणि पाचची ५ नाणी लागतात. एकचं नाणं फक्त १, ३, ६ आणि ८ देताना लागतं. दोनचं २, ३, ७ आणि ८ ला एकेक, तर ४ आणि ९ ला दोन-दोन लागतात. दोनची नाणी संपली की त्याच दहा ग्राहकांसाठी एकची तब्बल २० लागतात. म्हणजे "एकचे सुट्टे पुरत नाहीत" ही तक्रार खरं तर दोनच्या नाण्यांच्या टंचाईची असते.

दिवसाला १५० रोख ग्राहक असतील तर ६० एकची, १२० दोनची आणि ७५ पाचची. एकूण किंमत ६७५. इतक्या रकमेच्या तयारीअभावी दिवसभर ग्राहकांशी हुज्जत घालणं कोणत्याच दुकानाला परवडत नाही.

हेच प्रमाण वरच्या पातळीवरही चालतं. शंभरची नोट मोडताना १०, २० आणि ५० चं प्रमाण ४ : ८ : ५ असंच येतं, आणि तिथेही वीसच्या नोटा सगळ्यात आधी संपतात.

आता हे आपल्या दुकानाला लावून पाहायचं:

१. मागच्या आठवड्यातली कोणतीही २०० रोख बिलं काढा आणि एकूण रकमेचा शेवटचा अंक टिपा. तुमच्या बहुतेक किमती ९ वर संपत असतील तर एका वस्तूला १ परत जातो, दोन वस्तूंना २, तीनला ३. अशा दुकानात पाचची नाणी पडून राहतात आणि एक-दोनची संपतात. वरचं प्रमाण मग तुमच्यासाठी बदलतं.

२. पहिला आठवडा पूर्ण गणिताप्रमाणे नाणी ठेवा. ग्राहकांकडूनही नाणी येतातच, म्हणून रात्री प्रत्येक नाण्याची उरलेली संख्या वेगळी लिहा.

३. आठवड्यानंतर जी नाणी रोज अर्ध्याहून जास्त उरतात ती कमी करा, जी दुपारीच संपतात ती वाढवा. सुट्टीचा दिवस आणि पगारानंतरचे दिवस वेगळे मोजा. त्या दिवसांत मोठ्या नोटा जास्त येतात.

४. प्रत्येक कप्प्याची तळरेषा ठरवा: पुढच्या अर्ध्या तासाला पुरतील इतकी नाणी उरली की नवीन मागवायची. तासाला ४० रोख ग्राहक असतील तर अर्ध्या तासाचे २०, म्हणजे ८ एकची, १६ दोनची, १० पाचची. कप्पा रिकामा झाल्यावर हाक मारणं हा उशीरच आहे.

सावधान: तिजोरीतून सुट्टे आणताना नेहमी समान रकमेची अदलाबदल करा. जितक्याची नाणी गल्ल्यात आली तितक्याच्या नोटा बाहेर. दोघांनी दोन्ही बाजू मोजायच्या आणि चिठ्ठीवर सही करायची. "आत्ता घे, नोट नंतर दे" असं एकदा झालं की त्या दिवसाचा हिशेब बिघडलाच.

### टप्पा २: गल्ल्याची मांडणी

एक गल्ला, एक माणूस. दोघं एकाच गल्ल्यावर बसत असतील तर कोणाची चूक हे कधीच कळत नाही, आणि मग कोणी काळजीही घेत नाही. पाच मिनिटांची सुट्टी असली तरी गल्ला कुलूपबंद करायचा. दुसऱ्या माणसाने बसायचं तर त्याचा स्वतःचा ट्रे आणि स्वतःचा कोड हवा.

नाण्यांचे कप्पे पुढे, नोटांचे मागे. क्रम सगळ्या काउंटरवर सारखा ठेवा, म्हणजे माणूस जागा बदलला तरी हात चुकत नाही. नोटा एकाच बाजूने, एकाच तोंडाने लावा. सर्वांत मोठ्या नोटा ट्रेखाली ठेवा आणि ठरलेल्या रकमेच्या वर गेल्या की तिजोरीत हलवा. हलवलेली रक्कम लगेच नोंदवा.

कॅशियरचे स्वतःचे पैसे काउंटरवर येता कामा नयेत. यामागे संशय नाही, सोय आहे: खिशातून "माझ्याकडचा एक देतो, नंतर घेतो" अशी मदत सुरू झाली की रात्री गल्ल्यात कोणाचं काय हे सांगता येत नाही. बक्षिशीचा डबा असेल तर तो गल्ल्यापासून हातभर लांब, वरून बंद आणि ग्राहकाला दिसेल असा ठेवा. उघडा डबा गल्ल्याशेजारी असला की सुट्टे नकळत त्यात वळतात.

रक्कम दाखवणारा छोटा पडदा ग्राहकाकडे वळलेला आहे ना? अनेक काउंटरवर त्याच्यासमोर माल रचलेला असतो. तो हलवा.

तपासा: दुकान उघडण्याआधी कॅशियरने सुरुवातीची रक्कम स्वतः मोजून सही केली का? आदल्या रात्रीच्या आकड्यावर विसंबून केलेली सही कामाची नाही.

### टप्पा ३: पावती छापणारं यंत्र

पावती न देण्याची निम्मी कारणं इथे सुरू होतात. रोल संपला, नवा आत ठेवलाय, रांग लागली आहे, "पुढच्यापासून देतो."

छोटी यंत्रं साधारण ५८ मिलिमीटर रुंदीचा रोल घेतात, मोठी ८० चा. हा कागद उष्णतेने काळा होतो, शाई लागत नाही. त्याच्या एकाच बाजूला लेप असतो, म्हणून रोल उलटा बसला की कोरा कागद बाहेर येतो आणि यंत्र बिघडलं असा गैरसमज होतो. ओळखायचं कसं? नखाने जोरात ओरखडा काढा. ज्या बाजूला काळी रेघ उमटते ती छपाईची.

पावती १५ सेंटिमीटर लांब असेल तर ५० मीटरच्या रोलमधून साधारण ३३० पावत्या निघतात. तुमच्या दिवसाच्या बिलांना या आकड्याने भागा, म्हणजे दिवसाला किती रोल लागतात ते कळेल. दोन रोल काउंटरवरच, हात पोचेल तिथे ठेवा. बऱ्याच रोलच्या शेवटच्या भागात कडेने रंगीत पट्टी येते. ती दिसली की त्या ग्राहकाचं काम संपताच रोल बदला. पट्टी दिसूनही "अजून चालेल" म्हणणाऱ्याची एखादी पावती अर्धवट निघणार हे नक्की.

छपाई फिकी येत असेल तर:

१. यंत्र बंद करून छपाईची पट्टी गार होऊ द्या.
२. धागे न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्टी एका दिशेने पुसा. टोकदार वस्तू लावू नका.
३. पूर्ण वाळल्यावरच सुरू करा.
४. संपूर्ण पावती फिकी असेल तर छपाईची गडदता वाढवा किंवा कागद बदलून पाहा. पावतीच्या लांबीभर एकच पांढरी रेघ येत असेल आणि पुसूनही जात नसेल, तर पट्टीचे काही ठिपके निकामी झालेत. ती बदलावी लागेल.

वीज गेली किंवा यंत्र बंद पडलं तर हाताने लिहायचं पावतीपुस्तक हवंच: आधीच क्रमांक छापलेलं आणि दुसरी प्रत पुस्तकात राहणारं. यंत्र सुरू झालं की त्या पावत्या त्याच दिवशी नोंदवायच्या आणि प्रतीवर यंत्रातला क्रमांक लिहायचा.

पावतीवर किमान इतकं असावं: सलग क्रमांक, तारीख आणि वेळ, वस्तू, एकूण रक्कम, ग्राहकाने दिलेली रक्कम, परत दिलेली रक्कम आणि कॅशियरचा कोड. यातल्या ग्राहकाने दिलेली रक्कम आणि परत दिलेली रक्कम या दोन ओळी सहसा हरवलेल्या असतात, आणि सुट्ट्यांच्या दृष्टीने त्याच महत्त्वाच्या. बहुतेक प्रणालींमध्ये "तेवढीच रक्कम मिळाली" असं एक झटपट बटण असतं. घाईत कॅशियर तेच दाबतो, मग परत द्यायची रक्कम पावतीवर शून्य येते. ग्राहकाला किती परत मिळायला हवं होतं याचा कुठेच पुरावा उरत नाही. शक्य असेल तर हे बटण बंद करा. दिलेली रक्कम टाइप केल्याशिवाय व्यवहार पुढे जाऊ नये.

आणखी एक सेटिंग पाहा. गल्ला बहुधा पावतीच्या यंत्रालाच वायरने जोडलेला असतो आणि उघडण्याची आज्ञा तिथूनच जाते. क्रम "आधी छपाई, मग गल्ला" असा लावला तर पावती न काढता गल्ला उघडण्याचा सोपा रस्ता बंद होतो.

सावधान: या कागदावरची अक्षरं उन्हात, उष्णतेत आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात पुसट होतात. हमी असलेल्या मालाच्या ग्राहकाला पावतीचा फोटो काढून ठेवायला सांगा, आणि आपल्याकडची डिजिटल नोंद हमीच्या मुदतीपर्यंत जपा.

### टप्पा ४: एक व्यवहार, पहिल्यापासून शेवटपर्यंत

गल्ल्यावरच्या बहुतेक चुका क्रम मोडल्याने होतात. हा क्रम नव्या कॅशियरकडून खऱ्या ग्राहकाशिवाय, नाणी-नोटा हातात देऊन, किमान तीस वेळा करून घ्या.

१. एकूण रक्कम मोठ्याने सांगा. "तीनशे सदुसष्ट झाले." पडद्याकडे बोट दाखवून भागत नाही.

२. पैसे घ्या आणि काय मिळालं ते उच्चारा. "पाचशेची नोट दिलीत." पुढची निम्मी भांडणं या एका वाक्याने टळतात. हेच वाक्य सगळ्यात आधी गाळलं जातं.

३. सुट्टे आणखी देणार का, हे आत्ताच विचारा. एकदाच. ग्राहकाने ७ आणखी दिले तर ५०७ मिळाले, परत १४०. नाही म्हणाला तर विषय संपला. सुट्टे आणणं हे ग्राहकाचं कर्तव्य नाही.

४. मिळालेली खरी रक्कम टाइप करा. पावती छापून येईल, गल्ला उघडेल.

५. ग्राहकाची नोट गल्ल्यात टाकू नका. गल्ल्याच्या कडेवर किंवा क्लिपखाली, दोघांना दिसेल अशी ठेवा. व्यवहार पूर्ण होईपर्यंत ती तिथेच राहते.

६. सुट्टे काढताना एकदा मोजा. मोठ्याकडून लहानाकडे जा, कमीत कमी नाणी जातील असं. ९ द्यायचे तर ५, २, २. हाताला लागली म्हणून नऊ एकेकची देऊ नका, पुढच्या चार ग्राहकांचे सुट्टे तिथेच संपतात.

७. ग्राहकाच्या हातात देताना पुन्हा मोजा, या वेळी बिलाच्या रकमेपासून वर. ३६७ चं बिल, ५०० दिले: एकचं नाणं ठेवत "अडुसष्ट", दोनचं ठेवत "सत्तर", दहाची नोट "ऐंशी", वीसची "चारशे", शंभरची "पाचशे". एकूण १३३. पडद्यावरचा आकडा चुकीचा टाइप झाला असेल तर तो इथेच पकडला जातो, कारण ही मोजणी पडद्यावर अवलंबून नाही. शिवाय क्रमाने मोजताना सुरुवातच नाण्यांपासून होते, त्यामुळे ती राहून जाण्याची सोयच उरत नाही.

८. आधी नाणी तळहातावर, मग नोटा, मग पावती. उलट क्रमाने, म्हणजे नोटा आणि पावतीच्या वर नाणी ठेवून देण्याची सवय फार पसरली आहे. नाणी घरंगळतात, ग्राहक ती उचलायच्या नादात मोजायचं विसरतो.

९. "ही तुमची पावती" असं म्हणा. "पावती हवी का?" हा प्रश्नच विचारायचा नाही. घाईतला माणूस "नको" म्हणतो आणि दोन दिवसांनी वस्तू बदलायला पावतीशिवाय येतो. मोबाइलवर पाठवत असाल तर नंबर देणं ऐच्छिक ठेवा. नंबर नाही म्हणून पावती नाही, हे चालणार नाही.

१०. आता ग्राहकाची नोट आत ठेवा, गल्ला बंद करा. मगच पुढचा ग्राहक. अर्धवट उघडा गल्ला म्हणजे पुढचा व्यवहार यंत्रात न घेता करण्याची सोय.

सावधान: गल्ला उघडल्यावर ग्राहक म्हणाला, "थांबा, सुट्टे आहेत माझ्याकडे, ती नोट परत द्या," तर चालू व्यवहार आधी पूर्ण करा. सुट्टे हातात देऊन झाले, गल्ला बंद झाला, मग नोटांची अदलाबदल वेगळा व्यवहार म्हणून, समान रकमेची. हातात दोन हिशेब एकाच वेळी असताना गोंधळून जास्त पैसे काढून नेणं ही फसवणुकीची जगभर चालणारी जुनी पद्धत आहे. प्रामाणिक ग्राहकाच्या बाबतीतही तूट इथेच पडते.

कार्डने किंवा फोनने पैसे दिलेल्या ग्राहकालाही पावती द्यायचीच. पैसे पोचल्याचा संदेश म्हणजे खरेदीची पावती नव्हे, त्यात वस्तूंची नावं नसतात.

ग्राहक पावती टाकून गेला तर ती लगेच फाडून बंद डब्यात टाका. काउंटरवर पडलेली पावती निरुपद्रवी नसते. त्याच किमतीची वस्तू घेणाऱ्या पुढच्या ग्राहकाला तीच देऊन त्याची विक्री यंत्रात न घेता पैसे बाजूला काढता येतात, किंवा नंतर त्यावर खोटा परतावा दाखवता येतो. पावतीवर वेळ छापलेली का हवी, याचं उत्तर इथे आहे.

### टप्पा ५: सुट्टे खरंच संपले तर

तयारी करूनही कधीतरी कप्पा रिकामा होतो. तेव्हा काय करायचं हे कॅशियरने स्वतःच्या मनाने ठरवू नये. पुढचा क्रम छापून गल्ल्याच्या झाकणाआत लावा.

१. शेजारच्या काउंटरशी समान रकमेची अदलाबदल.
२. व्यवस्थापकाला हाक. त्याने दोन मिनिटांत सुट्टे आणावेत.
३. ग्राहकाची हरकत नसेल तर पूर्ण रक्कम कार्डने किंवा फोनने.
४. तेही जमत नसेल तर रक्कम ग्राहकाच्या बाजूने पूर्ण करा. ७ द्यायचे आणि तेवढे सुट्टे नाहीत, तर जे नाणं वा नोट आहे ती द्या. पावती क्रमांक आणि जास्त गेलेली रक्कम चिठ्ठीवर लिहा. रात्री ही तूट कारण माहीत असलेली तूट म्हणून धरली जाते, कॅशियरच्या माथी येत नाही.
५. ग्राहकाला स्वतःला मान्य असेल तरच येणे रकमेची चिठ्ठी: क्रमांक, रक्कम, सही, कोणत्याही काउंटरवर चालणारी, मुदत नसलेली.

चौथ्या पायरीला मालक दचकतात, म्हणून हिशेब पाहा. एकची नाणी संपली पण दोनची आणि पाचची शिल्लक असतील, तर १ ऐवजी २ आणि ३ ऐवजी ४ जातात. ६ आणि ८ तर नुसत्या दोनच्या नाण्यांत जमतात. नुकसान फार तर एकाचं. दोनचीही संपली तर १ च्या जागी ५ जाईल, नुकसान चारचं. दोनच्या नाण्यांची तळरेषा सांभाळण्याचं हे आणखी एक कारण.

चालणार नाही असं काही: सुट्ट्यांच्या बदल्यात एखादी किरकोळ वस्तू हातात टेकवणं, "पुढच्या वेळी घ्या" हा तोंडी वायदा, न विचारता दानपेटीत टाकणं. देणगी मागायची असेल तर एकूण रक्कम सांगण्याआधी मागा आणि पावतीवर वेगळ्या ओळीत दाखवा.

काही देशांनी सर्वांत लहान नाणी बंद केली आहेत आणि तिथे रोख रक्कम पूर्णांकित करण्याचे नियम आहेत. कॅनडाने २०१३ मध्ये एक सेंटचं नाणं वितरित करणं थांबवलं. तिथे रोख व्यवहाराची अंतिम रक्कम जवळच्या पाच सेंटला नेतात, म्हणजे शेवटी १ किंवा २ आल्यास खाली आणि ३ किंवा ४ आल्यास वर. अशा ठिकाणी चूक दोन प्रकारे होते: एकूण रकमेऐवजी प्रत्येक वस्तूची किंमत पूर्णांकित करणं आणि कार्डच्या व्यवहारालाही तेच लावणं. दोन्ही टाळा आणि फरक पावतीवर छापा. जिथे असा नियम नाही, तिथे "आम्ही राउंड करतो" याचा अर्थ ग्राहकाचे पैसे ठेवून घेतो, इतकाच होतो.

### टप्पा ६: रात्रीचा हिशेब

मोजणी झाकून करायची. यंत्रातली अपेक्षित रक्कम कॅशियरला आधी दिसता कामा नये. आकडा समोर असला की माणूस मोजत नाही, तो आकड्यापर्यंत पोचतो.

१. प्रत्येक नाणं आणि नोट वेगळी मोजून संख्या लिहा, नुसती रक्कम नको.
२. सुरुवातीची रक्कम + रोख विक्री − रोख परतावे − तिजोरीत हलवलेली रक्कम = अपेक्षित.
३. व्यवस्थापकाने दोन्ही आकडे शेजारी लिहून फरक काढायचा, तूट असो वा जादा.

समजा सुरुवात २,०००, रोख विक्री १८,४६०, परतावे ३५०, तिजोरीत १५,०००. अपेक्षित ५,११०. मोजले ५,१५८. जादा ४८. ही आनंदाची बातमी नाही. कोणी पन्नासची नोट जास्त दिली असती तर जादा नेमकी ५० निघाली असती. असा तुटक आकडा रोज येत असेल तर एक-दोनची नाणी दिवसभर अडकवली जात आहेत.

फरकाचा आकारच बरंच सांगतो. नेमकी नोटेइतकी तूट: चुकीची नोट गेली. ९ ने भाग जाणारा फरक: कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असेल, ६३ चे ३६ लिहिले की फरक २७ चा येतो. आणि महिनाभर रोज फरक शून्य? माणसाच्या हातून इतकं अचूक होत नाही. कोणीतरी रात्री मोजणीआधी जुळवून घेत आहे.

सावधान: सोमवारची जादा मंगळवारच्या तुटीत वळती करू नका. दोन्ही चुका झाकल्या जातात. प्रत्येक दिवस स्वतंत्र.

### टप्पा ७: मधली तपासणी

आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळ न पाळता, शिफ्टच्या मध्येच गल्ला मोजा. दुपारी मोठी जादा आणि रात्री बरोबर शून्य, असं निघालं तर मधल्या वेळात पैसे बाहेर गेले आहेत. न नोंदवलेली विक्री अशीच पकडली जाते: पावती निघत नाही, पैसे गल्ल्यात जातात आणि बंद होण्याआधी काढून घेतले जातात. किती काढायचे हे लक्षात ठेवायला काही जण यंत्राजवळ नाणी, पिना किंवा कागदाचे तुकडे मोजून ठेवतात. विनाकारण रचलेल्या अशा ढिगाऱ्याकडे लक्ष द्या.

यंत्राच्या अहवालात तीन ओळी पाहा: विक्रीशिवाय गल्ला किती वेळा उघडला, पैसे घेतल्यावर किती बिलं रद्द झाली, आणि पावती क्रमांकात कुठे खंड आहे. एकाच कॅशियरचे आकडे इतरांच्या कितीतरी पुढे असतील तर विचारा. थेट आरोप मात्र नको. जुना, खरखरणारा स्कॅनर हेही रद्द बिलांचं खरं कारण असू शकतं.

कॅमेरा असेल तर तो चेहऱ्यावर नको, हातावर, गल्ल्यावर आणि नोट ठेवायच्या कडेवर रोखा. कॅमेऱ्याची आणि बिलाच्या यंत्राची वेळ महिन्यातून एकदा जुळवा. सात मिनिटांचा फरक असेल तर पावतीवरून नेमका प्रसंग शोधणं डोकेदुखी होते.

अनोळखी माणसाकडून चाचणी खरेदी करवून घेतलीत तर रक्कम अशी निवडा की १ किंवा ३ परत यावेत. ५ क्वचितच अडकतात.

### टप्पा ८: "मी पाचशेची दिली होती"

कडेवर नोट ठेवायची सवय असली तर हा वाद बहुतेक वेळा तिथेच मिटतो. मिटला नाही तर:

१. कॅशियरने वाद घालायचा नाही, गल्ला बंद करून व्यवस्थापकाला बोलवायचं.
२. पावतीवरची दिलेली रक्कम पाहा. ग्राहकाचं म्हणणं तिच्याशी जुळत असेल तर लगेच पैसे द्या.
३. जुळत नसेल तर त्या क्षणाचा अहवाल काढून गल्ला तिथेच मोजा. ग्राहकाला खुर्ची द्या, अंदाजे किती वेळ लागेल ते सांगा.
४. दाव्याइतकीच जादा निघाली तर रक्कम परत करा आणि दिलगिरी व्यक्त करा. ग्राहकाने मागितली तर लेखी नोंद द्या.
५. ग्राहकाला थांबता येत नसेल तर त्याच्या संमतीने संपर्क घ्या आणि रात्रीच्या मोजणीनंतर, निकाल काहीही असो, कळवा.

एक-दोनच्या नाण्याची तक्रार असेल तर यातलं काहीच करत बसू नका. नाणं द्या, पावती क्रमांकासह चिठ्ठी करा आणि त्या कॅशियरच्या नावावर अशा चिठ्ठ्या महिन्यात किती साठतात ते पाहा.